एक तप, एक पायरी

सोमवार नको, लेणी बंद असतात. रविवार तर नकोच. त्या दिवशी घारापुरीच्या पायऱ्यांवर पुढच्या माणसाच्या पाठीखेरीज काही दिसत नाही. तुम्ही मंगळवार धरा, डिसेंबरातला, साल 2025. सकाळी नवाच्या सुमाराला गेटवेच्या धक्क्यावर या, तिकीट काढा आणि लाँचमध्ये चढा. वरच्या डेकवर बसायचे वेगळे पैसे पडतात; द्या, खाली डिझेलचा वास फार. डिसेंबर 2024 मध्ये याच मार्गावरच्या एका बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि माणसं गेली. तेव्हा लाइफ जॅकेट घाला, फोटोत कसं दिसतं ते सोडून द्या.

अंतर दहा-अकरा किलोमीटर, वेळ तासाभराचा. कुरव पक्षी लाँचच्या मागे लागतात, कारण कुणीतरी हमखास गाठ्या उधळतं. डावीकडे तेलाच्या जहाजांचं जवाहर द्वीप, त्यापलीकडे धुरकट अटल सेतू. उजवीकडे न्हावा-शेव्याच्या क्रेन, पाणी प्यायला वाकलेल्या जिराफांसारख्या. मध्ये दोन टेकड्यांचं हिरवं बेट. लाँच धक्क्याला लागते, दोरखंड फेकला जातो, इंजिन बंद होतं आणि कानांना काहीतरी कमी पडल्यासारखं वाटतं. काय कमी पडलं ते कळायला दहा पावलं जातात. हॉर्न.

घारापुरीत मोटारींचा रस्ताच नाही. धक्क्यावरून धावणारी पर्यटकांची मिनी ट्रेन सोडली तर बाकी सगळं पायी. सिमेंटची गोणी असो की गॅसचा सिलिंडर, होडीतून उतरवायचा आणि अंगावर वाहून न्यायचा. म्हाताऱ्या पाहुण्यांसाठी डोलीवाले आहेत. खुर्चीला बांबू बांधून दोघं-चौघं वर नेतात. शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर अशी तीन गावं, मिळून एक ग्रामपंचायत, तालुका उरण, जिल्हा रायगड. मुंबईहून दिसणारं हे बेट मुंबईचं नाही, हे तिकीट काढणाऱ्या बहुतेकांच्या गावीही नसतं.

पायऱ्या सुरू होतात तिथं पहिल्याच दुकानापाशी एक बाई काकड्या सोलत बसलीय.

“काकडी घ्या. गोड हाय.”

“उतरताना,” तुम्ही म्हणता.

“सगलेच उतरताना म्हनतान,” ती म्हणते, सुरीवरची नजर न काढता.

आता या सहलीची अट सांगतो. लेण्यांपर्यंत साधारण 120 पायऱ्या आहेत. तुम्ही एक पायरी चढलात की एक तप मागे जायचं, म्हणजे बारा वर्षं. बारा गुणिले 120, चौदाशे चाळीस. हिशेब कुणी मुद्दाम जुळवलेला नाही. पण डोंगर पोखरणाऱ्यांपर्यंत नेऊन सोडायला तो जवळजवळ पुरतो. चला.

पहिली पायरी. साल 2013. तुमच्या मोबाइलची चार्जिंगची सोय गेली. समोर दहा किलोमीटरवर अख्खी मुंबई रात्रभर जळते आणि इथं संध्याकाळी काही तास जनरेटर चालतो, मग कंदील. समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून घराघरात वीज आली ती फेब्रुवारी 2018 मध्ये. बेट जागतिक वारसा ठरलं 1987 मध्ये. म्हणजे दगडातल्या देवांची दखल आधी, आणि त्यांच्या शेजाऱ्यांचा दिवा एकतीस वर्षांनी. यावर मी आणखी काही म्हणत नाही, पायरी चढा.

तिसरीवर, 1989 मध्ये, समोरच्या किनाऱ्यावर न्हावा-शेव्याचं बंदर नुकतंच सुरू झालंय. चौथीपासून त्या जिराफांचा पत्ता नाही. दुकानांच्या ताडपत्र्या विरळ होत जातात, प्लास्टिकच्या बाटल्या नाहीशा होतात, हे सुख फार कमी प्रवासांत मिळतं. आठव्या पायरीवर मागे वळून पाहा: 1929, गेटवे आहे. नववीवर 1917, गेटवे अजून उभा राहायचाय. दहावीवर ताजमहाल हॉटेल आहे, अकरावीवर नाही. तुम्ही ज्या धक्क्यावरून निघालात तो पायाखालून काढून घेतला गेलाय. परत कसं जायचं, हा विचार तूर्त नको.

बाराव्या आणि तेराव्या पायरीच्या मध्ये थांबा. नोव्हेंबर 1875. वरून उजेड येतोय, दिवसा नव्हे, रात्री. इंग्लंडचा युवराज, पुढचा सातवा एडवर्ड, मुंबईला आलाय आणि त्याच्यासाठी लेण्यात मेजवानी मांडलीय. खांबांमध्ये टेबलं, पांढऱ्या चादरी, काचेचे पेले आणि शंकराच्या तीन मुखांसमोर काट्या-चमच्यांची किणकिण. सगळं सामान बोटींनी आलंय आणि माणसांच्या डोक्यांवरून वर चढलंय. चढवणारी माणसं आता पायऱ्यांच्या कडेला अंधारात उकिडवी बसलीत. त्यांच्यात एक बाई आहे, रिकामा हंडा मांडीवर घेतलेली. पाणी वाहून झालंय, पण साहेब लोक खाली उतरेपर्यंत जायचं नाही, असा हुकूम. तिच्याकडे एकदा नीट बघून ठेवा.

यापुढे थोडा वेळ वाट सोडावी लागेल, कारण बेटावरचा दगडी हत्ती पायऱ्यांवर नव्हता, राजबंदराच्या बाजूला होता. जुन्या काळी उतारू तिथं उतरत. चला तर, टेकडीच्या कडेने, करवंदीच्या जाळ्यांतून.

उलट्या काळात हत्तीची गोष्ट फार छान दिसते. नवव्या पायरीच्या मागे-पुढे, 1914 मध्ये, भायखळ्याच्या राणीच्या बागेत दोन इंग्रज अधिकारी दगडाचे तुकडे जुळवून हत्ती उभा करत होते. आपण उलटे चाललोय, म्हणून तो हत्ती उसवत जातो. तुकडे बागेत पन्नास वर्षं पडून राहतात आणि 1864 मध्ये बोटीत चढून समुद्रावरून इकडे येतात, या मातीत आडवे होतात. सतराव्या-अठराव्या पायरीच्या मध्ये, 1814 मध्ये, जमिनीवर पडलेलं डोकं हळूच उठतं आणि मानेवर जाऊन बसतं. भेगा मिटतात. काळ्या दगडाचा आख्खा हत्ती झाडोऱ्यात उभा राहतो, समुद्राकडे तोंड करावं तसा, जणू कुणी आणायला यायचंय.

सरळ काळात सांगायचं तर गोष्ट लहान आहे आणि छान नाही. हत्ती फुटला, फुटलेला उचलून नेला, आणि आज तो भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. ज्याच्यामुळे परक्यांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटलं, तो बेटावर नाही. नाव मात्र तिकिटावर, पाटीवर, वारसा यादीत, सगळीकडे तेच. गावातल्या माणसांनी त्या हत्तीपायी गावाचं नाव बदललं नाही. जेम्स बर्जेस या अभ्यासकाने 1871 मध्ये या लेण्यांवर ग्रंथ काढला तेव्हा नावात ‘एलिफंटा’बरोबर ‘घारापुरी’ही घातलं, त्याला कुणाला तरी विचारावंसं वाटलं असणार.

पुन्हा वाटेला लागा. पायऱ्या कधीच मागे राहिल्या, आता नुसती पायवाट आहे; पाय मात्र मोजत राहतो. बाविसाव्या पायरीच्या अलीकडे, 1764 मध्ये, लेण्यात एक गोरा माणूस वही घेऊन बसलेला दिसेल. कार्स्टन नीबुर. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानाकडे सहा जणांची मोहीम पाठवली होती. तिच्यातला जिवंत घरी पोहोचणारा हा एकटा. पेशाने मोजणीदार. मोहिमेचा चित्रकार मुंबईला येताना समुद्रातच गेला, म्हणून चित्रंही आता यालाच काढायची आहेत. रेघा जरा ताठ आहेत. पण खांबांची मापं घेणं, कुठल्या मूर्तीचा कुठला हात मोडलाय ते टिपणं, हे तो ज्या नेटाने करतो ते पाहत राहावं. एकदा येऊन भागलं नाही म्हणून पुन्हा पुन्हा आला. मला या अख्ख्या रांगेतला हाच पाहुणा मनापासून आवडतो. मात्र तोही संध्याकाळी होडीत बसून मुंबईला जातो.

एकविसाव्या पायरीपासून चोविसाव्यापर्यंत पायाखाली मराठ्यांचा मुलूख असतो. तीन पायऱ्या, जेमतेम छत्तीस वर्षं. साष्टी हातची गेली तसं हे बेटही गेलं. 1782 च्या सालबाईच्या तहात साष्टीबरोबरच्या लहान बेटांत त्याचा उल्लेख उरला, दुकानदार वजनावर चिमूटभर टाकतो तसा.

आता भराभर चढा, चाळीस येईपर्यंत.

चाळीस आणि एक्केचाळीस. इथं मात्र दम खायला बसा, कारण मला जे सांगायचंय ते इथं आहे. डिसेंबर 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या भोवतालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. तेव्हाच्या थोड्या वर्षांत इथं जे पाहुणे आले त्यांनी लिहून ठेवलं, आणि घारापुरीचं लेखी वर्णन तिथून सुरू होतं. 1538 मध्ये गोव्याहून दीवकडे चाललेल्या आरमाराबरोबर जुआंव द कास्त्रो आला, पुढे तो गोव्याचा व्हाइसरॉय झाला. त्याने लेणी पाहिली, मोजली आणि थक्क झाला. त्याच्याही आधी गार्सिया द ऑर्ता येऊन गेला होता. हा वैद्य. मुंबई बेट पुढे त्याला खंडाने मिळालं होतं, हे वाचून आजच्या घरभाड्यांत राहणाऱ्या माणसाला हसू येतं. गोव्यात 1563 मध्ये छापलेल्या त्याच्या औषधींवरच्या ग्रंथात मध्येच या लेण्याची आठवण निघते. (हा माणूस मेल्यावर बारा वर्षांनी, 1580 मध्ये, धर्मन्यायालयाने त्याची हाडं उकरून जाळली, छुपेपणाने ज्यू धर्म पाळला हा गुन्हा. ही पायरी काही हळव्या माणसांची नाही.)

ऑर्ता म्हणतो त्याचा मथितार्थ असा: 1534 मध्ये मी पाहिलं तेव्हा हे लेणं खरंच बघण्याजोगं होतं, आता आत गुरं शिरतात, त्यांनी फार नासधूस केलीय.

गुरं!

नीबुरची मापं, कास्त्रोचं कौतुक, युवराजाची मेजवानी, या सगळ्यांत गावातलं माणूस शोधून सापडत नाही. सगळ्यांनी देवांचे मोडके हात मोजले. पाणी कुणी आणून दिलं, वाट कुणी दाखवली, ते लिहायचं राहिलं. मघाची हंडेवाली बाई मी माझ्या पदरची घातली होती, तुम्ही ओळखलंच असेल. पण गुरं ऑर्ताची आहेत, छापील आहेत. आणि गुरं होती म्हणजे ती सोडणारं, संध्याकाळी हाका मारत शोधत येणारं कुणीतरी होतं. पावसाळ्यात बेटावर एवढा कोरडा आडोसा दुसरा कुठला? ज्याला वैद्यबुवा नासधूस म्हणतात, तो एखाद्या घराचा गोठा होता. घारापुरीच्या माणसांची लेखी नोंद शोधताना मला हाती लागली ती ही: शेण.

आता तीच बाई पुन्हा पाहा, हातात काठी, आतल्या अंधारात शिरून गाय हाकतेय. तीन तोंडांच्या देवासमोरून जाताना काठी खाली धरते.

पोर्तुगीजांनी इथं गोळीबाराचा सराव केला, असं सांगतात. मूर्तींचे गुडघ्याखालचे भाग ज्या तऱ्हेने उडालेत ते पाहून ते पटतं. आत साचून राहणाऱ्या पाण्यानेही बरंच खाल्लं. पण मला जास्त लागतो तो एक शिलालेख. दरवाज्यावर कोरलेला एक लेख होता. तो काढून पोर्तुगालच्या राजाकडे धाडला, तिथं तो कुणाला वाचता आला नाही आणि पुढे हरवला, असं दिओगो द कूतो हा त्यांचाच बखरकार लिहून गेलाय. कुणी कोरवलं, कधी, कोणत्या राजाच्या काळात, हे कदाचित त्या एका दगडावर होतं. आज अभ्यासक शैली ताडून, नाणी जोडून जे अनुमान काढतात त्याचं उत्तर लिस्बनच्या एखाद्या भिंतीत पालथं बसलेलं असू शकेल.

एक्केचाळिसावी पायरी ओलांडलीत की ‘एलिफंटा’ हे नाव गळून पडतं. हत्ती आहे, पण तो नुसता हत्ती आहे.

पुढच्या पंच्याहत्तर पायऱ्या मी बोलणार नाही. गुजरातचे सुलतान, यादव, शिलाहार, त्यांच्या आधीचे राष्ट्रकूट येतात आणि जातात. भरती येते, ओहोटी जाते, मचव्यांच्या शिडांचा कट बदलतो. टेकडीवर ताड वाढतात. आत दिवा लागतो, कधी कधी लागत नाही. चढत राहा.

एकशे सोळावी पायरी. सन 633 च्या आसपास. समुद्राकडे पाहा, पाहावंच लागेल. बदामीच्या चालुक्यांचा दुसरा पुलकेशी याच्या ऐहोळेच्या शिलालेखात, सन 634 चा तो, एक जुनी स्वारी सांगितलीय: पश्चिम समुद्राची लक्ष्मी अशी ‘पुरी’ नावाची नगरी, आणि तिला वेढा घालणारी शेकडो जहाजं. कवी रविकीर्तीला ती जहाजं मदोन्मत्त हत्तींच्या कळपासारखी वाटली. ती पुरी म्हणजे हीच घारापुरी, असं काही अभ्यासक मानतात. काहींना ती राजपुरीकडे वाटते. भांडण विद्वानांचं आहे, ते त्यांना लखलाभ. तुम्ही आत्ता या टेकडीवर उभे आहात, समोर खाडीचं तोंड आहे आणि त्यात काळे हत्ती पोहत येताहेत. अशा वेळी मी घारापुरीच्या बाजूने मत देतो.

एकशे वीस. हिशेबाने 585. लेणं सहाव्या शतकाच्या मध्यावरचं मानतात, म्हणजे आणखी तीनेक पायऱ्या हव्या होत्या. त्या उंबरठ्यावर भरून काढा.

आवाज आधी येतो. लोखंड दगडावर. एक नव्हे, पन्नास, शंभर. तालात नव्हे, भांड्यांच्या दुकानात व्हावा तसा. हवेत काळ्या दगडाची पूड, जिभेवरही. बांधकामाला खालून वर जायचं असतं, याला वरून खाली. आधी छत, मग खांबांचे माथे, मग खांब, सगळ्यात शेवटी जमीन. म्हणून परांची बांधावी लागत नाही, ज्या दगडावर उभं राहून वरचं कोरायचं तोच पुढे तोडून टाकायचा. चूक झाली तर दुसरा दगड आणायची सोय नाही, डोंगर एकच.

दक्षिणेच्या भिंतीशी जा. जिथं पाचेक मीटरचा सदाशिव असायला हवा, तिथं तो अजून अर्धाच आहे. जटा झाल्यात, मुकुट झालेत, मधल्या मुखाच्या भुवया झाल्यात. डोळे नाहीत. भुवयांखाली ओबडधोबड काळा कातळ, त्यावर छिन्नीच्या तिरप्या खुणा. डावीकडच्या उग्र मुखाच्या कपाळाला आठी पडलीय, उजवीकडचं सौम्य मुख अजून जागंच झालेलं नाही. त्या बंद ओठांसाठी पुढे जग इथं येईल. आत्ता ते ओठ दगडाच्या आत कुठंतरी आहेत आणि किती आत, हे त्या मचाणासारख्या कातळावर गुडघे टेकून बसलेल्या एका माणसाला ठाऊक आहे. त्याचं नाव कुठंही कोरलेलं नाही. तो खोकतो, पाणी मागतो.

पाणी घेऊन येते ती कोण, हे आता सांगायला नको.

दुपार कलते तसा पश्चिमेच्या तोंडातून उजेड आत येतो आणि चार दारांच्या गाभाऱ्याभोवतालच्या द्वारपालांवर पडतो. अंगावरचा गिलावा ताजा आहे, त्यावर रंग चढायचाय; आज छताला त्याचे डाग तेवढे उरलेत. हाताखालच्या पोराने गोळा केलेल्या चिपा पाटीत भरून कुणी बाहेर नेतं, दरीत ओततं. कलचुरी राजा कृष्णराज याची नाणी या बेटावर सापडली आहेत. मजुरी म्हणून वाटली असतील, असं एक मत आहे, आणि या आवाजात उभं राहिलं की दुसरं मत आठवत नाही. संध्याकाळी हात थांबतात. ही माणसं कुठं जात नाहीत. खाली चुली पेटतात, धूर टेकडीवर येतो. इथं आलेल्यांपैकी रात्री थांबणारी ही पहिलीच मंडळी तुम्हाला भेटली.

तुम्हाला थांबता येणार नाही. पर्यटकांना रात्री बेटावर राहायची परवानगी नाही, आणि शेवटच्या लाँचची वेळ झालीय.

उतरताना पायऱ्या मोजत नाही कुणी. गुरं, वही, मेजवानीच्या चादरी, सगळं डोळ्यांच्या कडेने निघून जातं. हत्तीचं डोकं धाडकन पडतं, त्याकडेही बघायला वेळ नाही. ताज उगवतो, गेटवे उगवतो, जिराफ माना वर काढतात, खिशातला मोबाइल थरथरतो. ताडपत्र्या. माकडं. दुकानं आवरली जाताहेत.

काकडीवाली बाई उरलेलं मीठ-तिखट डब्यात भरतेय. काकड्या संपल्या. तुम्ही ओशाळून उभे राहता.

“काय काय बगलाव?” ती विचारते.

तुम्ही सांगता, जेवढं सांगण्यासारखं असतं तेवढं.

“आन हत्ती?”

“तो इथं नाही ना.”

“नाय. भायखल्याला हाय. आमचे पोरीची शालेची सहल गेल्ती रानीबागंत. घरी आली तं मना सांगते, आये, आपला हत्ती तिकडं हाय, पन पिंजऱ्याभायेर हाय.” ती ताडपत्रीची घडी घालते, टोकाशी टोक जुळवून. “मी म्हनलं, मंग बरा हाय.”

धक्क्यावर तुमची लाँच भोंगा देतेय. तिच्या पलीकडे न्हाव्याकडून आलेली एक लहान होडी लागलीय. कॉलेजच्या दोन मुली दप्तरं सांभाळत उतरतात, मग एक गोणी, मग मासळीची पाटी, मग गॅसचा सिलिंडर. तुमच्या डेकवर नारिंगी जॅकेटं घालून लोक गेटवेचे दिवे मोबाइलमध्ये पकडू पाहतात. इकडे शेतबंदरात एकेक दिवा लागतो. एक पोरगा वाकतो, सिलिंडर खांद्यावर घेतो, तोल सावरतो आणि घराकडे चालू लागतो.